चौदावा रकाना

तेरावा रकाना तिने काढून टाकला, बोटं मोडली आणि चौदाव्यापाशी येऊन थांबली.

“काय झालं? हात का थांबले?” नेटवर्कवाल्याने विचारलं. तो पलीकडच्या टेबलाखाली वायरींच्या गुंत्यात बसला होता. ओठांत दोन स्क्रू धरलेले, त्यामुळे त्याचं बोलणं दातांतून गाळून येत होतं.

“हा एक कळत नाहीये.”

“मग उडव. बाकीचे तेरा कळले होते?”

तेरा कळले होते. एकात फॅक्सचे नंबर होते. एकाचं नाव ‘चाचणी’, दुसऱ्याचं ‘चाचणी दोन’. एक होता ‘तात्पुरता’. तो अकरा वर्षं तात्पुरताच राहिला होता. ते काढताना तिला माळ्यावरची बिनझाकणाची भांडी खाली काढल्यासारखं बरं वाटलं होतं.

केंद्र पाय बनवायचं. ज्यांचा गेला आहे त्यांच्यासाठी. तळमजल्यावर मापं घ्यायची, साचे ओतायचे, पाय घडवायचा आणि त्यावर चालायला शिकवायचं. वरच्या मजल्यावर या सगळ्याच्या नोंदी राहायच्या आणि त्या सांभाळायचं काम तिचं. खालचे लोक तिला डेटाबाई म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा.

नोंदींचं घर दोन ठिकाणी असतं. एक खरं घर, म्हणजे मशिनमधला डेटाबेस, त्यातली टेबलं, टेबलांमधले रकाने. दुसरा त्या घराचा नकाशा, म्हणजे साध्या फायली. अमुक टेबलात अमुक रकाने, यात आकडा, त्यात अक्षरं, हा रिकामा चालेल, तो चालणार नाही, असं त्यांत लिहिलेलं असतं. दोन्ही जुळत राहायला हवीत. पण माणसं घाईत असतात. भिंतीत कोनाडा खोदतात आणि नकाशावर दाखवायला विसरतात. तिच्या आधी त्या खुर्चीत बसणारा गृहस्थ तर नकाशाकडे कधी फिरकलाच नव्हता. कोणी काही मागितलं की हा उठून थेट भिंतीत खोदायचा.

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता जुनं मशिन बंद होणार होतं. नवं मशिन फक्त फायली वाचून उभं राहणार होतं. फायलीत जे नाही ते तिकडे जन्मालाच येणार नाही, आणि त्यात साठलेलं सगळं जुन्या मशिनबरोबर जाईल. म्हणून तिनेच नियम केला होता. प्रत्येक रकान्यापुढे दोन ओळी हव्यात: अर्थ काय आणि जबाबदार कोण. दोन्ही नसतील तर रकाना बाद. नियम तिने सगळ्यांना लेखी पाठवला होता आणि शेवटचे दोन शब्द ठळक केले होते. अपवाद नाही.

आज मंगळवार होता.

टेबल: रुग्ण
रकाना: समोर
प्रकार: पूर्णांक
रिकामा चालेल: हो
अर्थ:
जबाबदार:

“समोर म्हणजे घरासमोर असेल,” टेबलाखालून आवाज आला. “पत्ता सापडायला. समोर दुकान, समोर शाळा.”

“आकडे आहेत. एक, दोन, तीन. एके ठिकाणी अकरा. आणि शून्य तर ढिगाने.”

“समोर शून्य? मग मैदान.”

ती हसली नाही, म्हणजे हसली, पण नाकातून. नऊ हजारांवर रुग्ण. पहिल्या हजारभरांपुढे तो रकाना रिकामा. मग एक दिवस आकडे सुरू होतात आणि सहा महिन्यांपूर्वीपर्यंत एकही नोंद चुकत नाही. सहा महिन्यांपूर्वी पुन्हा रिकामा. कोणीतरी दिवा लावावा, वर्षानुवर्षं तो तेवत ठेवावा आणि मग एका सोमवारी विझवावा, तसं.

तिने रिकामे वगळले, तारखेने लावले, पहिली नोंद वर आणली.

क्रमांक ११४६.

नाव वाचायची गरज नव्हती. हा आकडा तिने आठ वर्षं रोज सकाळी पाहिला होता. खाटेशेजारी भिंतीला टेकवून ठेवलेल्या पायाच्या आतल्या काठावर तो कोरलेला होता. बाबा पाय चढवायचे तेव्हा आधी त्या आकड्यावरून अंगठा फिरवायचे, जणू भलत्याच कोणाचा पाय आपण चढवत नाही ना, याची खात्री करून घ्यायचे.

समोर: ०

“सापडलं का काही?” नेटवर्कवाल्याने विचारलं.

“नाही,” ती म्हणाली, आणि उगाचच स्क्रीनचा उजेड कमी केला.

•

तळमजल्यावर फिटर एका पोटरीला कानस मारत होता. प्लास्टरची पांढरी भुकटी त्याच्या भुवयांवर बसली होती.

“समोर?” तो म्हणाला. “डेटाबाई, मी पायाच्या वर बघत नाही. बत्तीस वर्षं झाली. माणूस रस्त्यात भेटला तर ओळखत नाही, चाल बघितली की नाव सांगतो. हे असलं सगळं खिडकीमावशीला माहीत.”

खिडकीमावशी म्हणजे नोंदणीच्या खिडकीत बसणाऱ्या बाई. केंद्र उघडलं तेव्हापासून होत्या. सहा महिन्यांपूर्वी निवृत्त झाल्या.

सहा महिन्यांपूर्वी.

ती दारातच थांबली. त्याच आठवड्यात तिने खिडकीला नवा फॉर्म करून दिला होता. सुटसुटीत, स्क्रीनवरचा. कुठले रकाने घ्यायचे ते डेटाबेसमध्ये शोधत बसली नव्हती. शहाण्या माणसासारखी फाईल उघडली होती आणि फाईलवरून फॉर्म बनवला होता. फायलीत ‘समोर’ नव्हता, म्हणून फॉर्मवर ‘समोर’ नव्हता, म्हणून नव्या माणसाने तो कधी विचारला नाही, भरला नाही.

दिवा तिनेच विझवला होता. सगळं नीट, नियमाने करून.

चालायच्या हॉलचं दार उघडं होतं. दोन लांब आडव्या दांड्या, त्यांच्यामधून चालायची वाट, वाटेच्या शेवटी भिंतीवर उभा आरसा आणि आरशाच्या वर गोल घड्याळ. एक मध्यमवयीन माणूस दोन्ही हातांनी दांड्या आवळून उभा होता. पाय नवा होता. बुटाच्या तळव्यावर अजून धूळही नव्हती. त्याने आरशात पाहिलं. स्वतःच्या पायाकडे. पाऊल टाकलं. पुन्हा पायाकडे. तिसऱ्या पावलाला तो थांबला, मागे वळला आणि खुर्चीवर येऊन बसला. शेजारच्या खुर्चीवर त्याचा कोट एकटाच बसला होता.

“हल्ली असंच,” फिटर हळू आवाजात म्हणाला. “पूर्वी पहिल्या दिवशी त्या टोकाला पोचायचे. आता दोन दोन, तीन तीन दिवस. वरचे म्हणतात, तुमची जोडणी चुकतेय, वय झालं. मी रोज तपासतो हो. अर्धा मिलिमीटर इकडचा तिकडे नाही.” त्याने कानस खाली ठेवली. “पण सहा महिने म्हणजे योगायोग नाही ना. असेल माझंच काहीतरी.”

तिला काही बोलायचं होतं. पण रकान्याचा अर्थ तिच्याकडे नव्हता, आणि अर्थाशिवाय काही बोलायचं नाही, हा नियमही तिचाच.

टेबल: रुग्ण
रकाना: समोर
अर्थ: ~~घरासमोरील खूण~~ ~~पायऱ्यांची संख्या~~ ~~मुलं~~
जबाबदार: ~~खिडकी~~ ~~आधीचा~~ मी? (बंद पाडल्याबद्दल)

•

आई शिवणयंत्रावर होती. दिवसाचा उजेड अजून खिडकीत होता आणि तो जाण्याआधी तिला एक बाही संपवायची होती.

“आई, बाबांना पाय बसवला त्या दिवशी सोबत कोण गेलं होतं?”

आईने तळव्याने चाक थांबवलं.

“आज काय एकदम?”

“असंच. कामात त्यांचा नंबर दिसला.”

“तूच जाणार होतीस ना,” आई म्हणाली.

“मला बाबा म्हणाले, आई येतेय.”

“मला म्हणाले, पोरगी कॉलेजातून परस्पर येतेय.”

एकोणीस वर्षांत ही दोन वाक्यं त्या घरात पहिल्यांदाच एकमेकांशेजारी आली. त्या संध्याकाळी बाबा स्वतःच्या पायांनी दारात उभे राहिले होते, धापा टाकत, हसत. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं होतं, आणि दोघींना वाटलं होतं की दुसरी गेली नाही. त्यावर कधी भांडण झालं नाही. नुसता एक बारीक खडा मनात राहून गेला होता, चपलेत राहतो तसा, झटकण्याइतका मोठा नाही आणि विसरण्याइतका लहानही नाही.

“दोघींना गंडवलंन,” आई म्हणाली. तिने चष्मा काढून पदराने... नाही, पदराने नाही, बाहीच्याच कापडाने पुसला आणि मग लक्षात येऊन कापड झटकलं. “पडलो बिडलो तर तुम्ही बघायला नको म्हणून. दुसरं काय.”

“आणि मग दर गुरुवारी तो पट्टा.”

आई हसायला लागली. बाबांचा पट्टा हा घरातला जुना विनोद होता. गुरुवार आला की पायाचा पट्टा सैल व्हायचा. चार घास घाईत खाऊन बाबा केंद्रात जायचे तो घट्ट करून घ्यायला, आणि तिन्हीसांजेला परत. आठ वर्षं. पाऊस असो, ताप असो. नातेवाईकसुद्धा विचारायचे, काय, या गुरुवारी पट्टा काय म्हणतो?

“तो कधी सैल नव्हताच,” आई म्हणाली.

“म्हणजे?”

“मी शिवलेला. दुहेरी टाका, मेणाचा दोरा. हत्तीला बांधला असता तरी सैल झाला नसता. केंद्राचा पट्टा पहिल्याच आठवड्यात काढून माझा लावला होता आपण.”

“मग तू कधी बोलली नाहीस?”

“काय बोलायचं? मला वाटायचं पत्ते कुटायला जातात कुठेतरी. म्हटलं जाऊ दे. वर्षभर भिंतीकडे तोंड करून झोपलेला माणूस घराबाहेर पडतोय ना.” तिने सुईत दोरा ओवला. “फक्त एक कळायचं नाही. गुरुवारी त्यांचं घड्याळ मागे पडायचं. दर गुरुवारी. अर्धा तास, पाऊण तास. बाकीचे सहा दिवस टकाटक.”

ते घड्याळ आता तिच्या मनगटावर होतं. मोठं, पुरुषी, पट्ट्याला दोन जास्तीची भोकं पाडलेलं.

आतल्या खोलीत बाबांची खाट अजून तिथेच होती, आणि खाटेच्या उशाशी, भिंतीवर वर, दुसरं घड्याळ. शेवटच्या आजारात त्यांनी हट्टाने तिथे लावून घेतलेलं. पडल्या पडल्या त्यांना ते दिसायचंच नाही. ती तेव्हा समोरच्या खुर्चीत मांडीवर लॅपटॉप घेऊन बसायची. नोकरी नवी, दुसऱ्या एका ऑफिसातली, काम खूप. दर थोड्या वेळाने खाटेवरून आवाज यायचा.

“किती वाजले गं?”

“साडेचार.”

जरा वेळाने, “किती वाजले?”

“बाबा, आत्ता तर सांगितलं.”

“मला इथून दिसत नाही ना.”

एकदा ती वैतागली. ड्रॉवरमधून त्यांचं मनगटी घड्याळ काढून तिने त्यांच्या हाताला बांधलं. घ्या, बघत बसा आता. दोन दिवस ते गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “हे बंद पडलंय गं. किती वाजले?” ते बंद पडलं नव्हतं. बाजूची चावी कोणीतरी नखाने बाहेर ओढून ठेवली होती.

तेव्हा ती हसलीही नव्हती. चावी आत दाबली होती आणि पुन्हा मान खाली घातली होती.

•

गुरुवारी ती खिडकीमावशींच्या घरी गेली. तिसरा मजला, दारावर नावाच्या पाटीऐवजी लोकरीचा एक मोजा टांगलेला.

“कापलेल्या पायावर चढवायचे मोजे,” मावशी म्हणाल्या. मांडीवर लोकर, काखेत सुई. “केंद्राला पाठवते. एकेकच लागतो, त्यामुळे अर्ध्या वेळात काम होतं. बस. तोंड का उतरलंय?”

“मावशी, ‘समोर’ नावाचा कॉलम तुम्ही भरायचात?”

“मीच मागून घेतला होता. तुझ्या आधीचा तो, काहीही मागा, उभ्या उभ्या करून द्यायचा. भला माणूस.”

“भला होता, पण लिहून ठेवायचा नाही. काय आहे त्यात?”

“काय असणार? पहिल्या दिवशी चालायला येतात ना, तेव्हा सोबत किती माणसं आली ते. पलीकडच्या टोकाला उभं राहायला.”

“एकाच्या समोर अकरा आहेत.”

“तो बँडवाला! सगळा बँड आला होता. वाजवला नाही हे आपलं नशीब.” मावशींनी एक टाका मोजला. “अकराचा काही प्रश्न नसतो गं. प्रश्न शून्याचा. समोर नुसता आरसा. आणि आरशात माणूस काय बघतो? पाय. पाय बघितला की पाय अडतो. समोर माणूस असला की तोंड बघतो, आणि चालत येतो. इतकी साधी गोष्ट.”

“हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

मावशींनी सुया खाली ठेवल्या. तिच्याकडे जरा वेळ पाहिलं, मग खिडकीबाहेर.

“तू आलीस तेव्हाच आडनावावरून ओळखलं होतं मी. तुझे बाबा सांगू नका म्हणाले होते, म्हणून नऊ वर्षं सांगितलं नाही. आता तूच कॉलम घेऊन दारात आलीस, तर मी काय करू?”

तिने खुर्ची जवळ सरकवली.

“एकटेच आले होते. घरी दोघींना चकवून आलोय म्हणाले, मोठी मर्दुमकी केल्यासारखं. मग दांड्यांत उभे राहिले आणि अर्धा तास जागचे हलले नाहीत. आरशाकडे बघून घामाघूम. मला खिडकीतून दिसत होतं. शेवटी खिडकी बंद करून गेले आणि आरशासमोर उभी राहिले. काय बोलायचं सुचेना. म्हटलं, अहो, किती वाजले? घड्याळ माझ्या डोक्यावर. त्यांनी मान वर केली, वेळ सांगितली, आणि सांगता सांगता दोन पावलं पुढे आले. मी परत विचारलं. परत दोन पावलं. टोकाला येईपर्यंत मी सात वेळा वेळ विचारली.” मावशी हसल्या. “पोचल्यावर म्हणाले, बाई, तुमचं घड्याळ बिघडलंय की डोकं?”

“मग?”

“मग पुढच्या गुरुवारी हजर. नव्या पायांचा वार गुरुवारच असायचा तेव्हा. म्हणाले, आज कोणी एकटं आहे का? आठ वर्षं, पोरी. मी आकडा भरायचे, शून्य असला की ते उभे. मनगटावरचं घड्याळ बंद करून यायचे. चावी ओढून ठेवायचे बाहेर. म्हणायचे, ‘माझं घड्याळ बंद आहे’ असं सांगायचं, तर ते बंद असायला हवं. माणूस पहिलं पाऊल टाकतोय, त्याच्याशी खोटं कशाला?”

तिचा हात मनगटाकडे गेला आणि तिथेच राहिला.

“घरी का नाही सांगितलं?” तिने विचारलं.

“मीही विचारलं होतं. म्हणाले, सांगितलं तर त्यांना वाटेल, त्या दिवशी आपण नव्हतो त्याचं यांना लागलं. आणि तसं नव्हतंच म्हणे. कोणी नसण्याचा बेत माझाच होता, तो फसला, इतकंच.”

लोकरीचा गोळा घरंगळत तिच्या पायाशी आला. तिने तो उचलून दिला.

“ते गेल्यावर कोण उभं राहायचं?”

“मिळेल त्याला मी पकडायचे. शिपाई, ड्रायव्हर, कोणीही. मग तू आलीस.”

“मी?”

“तूच. आठवत नाही? ‘डेटाबाई, जरा खाली या, साक्षीदाराची सही हवीय.’”

आठवत होतं. महिन्यातून तीनदा, चारदा. हातातलं काम टाकून खाली जायचं, हॉलच्या टोकाला उभं राहायचं. मावशी कानात सांगायच्या, फॉर्मवर वेळ लिहायचीय, पेशंटलाच विचार, नियम आहे. ती विचारायची. किती वाजले? मग समोरचं माणूस चालत चालत जवळ यायचं, आणि ती फॉर्मवर सही करून घाईघाईने जिना चढायची. नियम म्हटल्यावर तिने कधी का विचारलं नव्हतं.

“ते फॉर्म...”

“कुठले फॉर्म? असा काही फॉर्मच नव्हता.” मावशींनी टोपलीतून कागदांचा एक गठ्ठा काढला. एका बाजूला तिच्या सह्या, ओळीने, नऊ वर्षांच्या. पाठीमागे पेन्सिलने मोज्यांची मापं. “चांगला जाड कागद आहे, टाकवेना.”

ती कागद बघत राहिली. मग म्हणाली, “घरीसुद्धा विचारायचे. किती वाजले म्हणून. शेवटी शेवटी. सारखं.”

“घरी? घरी कशाला?” मावशी म्हणाल्या. “घरी कोण चालत होतं?”

तिने गठ्ठा परत टोपलीत ठेवला आणि ती निघाली. जिन्यात एका पायरीवर ती बराच वेळ बसून राहिली, आणि वर जाणाऱ्या एका बाईंनी विचारलं, चप्पल तुटली का?

•

शुक्रवार, सकाळी दहा.

टेबल: रुग्ण
रकाना: समोर
प्रकार: पूर्णांक
रिकामा चालेल: नाही (आजपासून)
अर्थ: पहिल्या दिवशी चालताना पलीकडच्या टोकाला उभं राहण्यासाठी रुग्णाबरोबर आलेली माणसं. शून्य असल्यास वरच्या मजल्यावर ताबडतोब फोन करावा.
जबाबदार:

इथे तिने स्वतःचं नाव लिहिलं. एरवी ती आद्याक्षरांवर भागवायची. आज पूर्ण लिहिलं, मधल्या नावासकट.

मग तिने फाईल आणि डेटाबेस एकमेकांसमोर धरून तपासायचा प्रोग्राम चालवला. पांढऱ्या पडद्यावर एक ओळ उमटली: फरक आढळला नाही. खिडकीच्या फॉर्मवर नवा प्रश्न दिसू लागला, ‘सोबत कितीजण?’ खाली फिटरला तिने सकाळीच सांगितलं होतं की जोडणीत काही चूक नाही, चूक वरच्या मजल्यावर होती. त्याने आधी तिच्या चपलांकडे पाहिलं होतं, आणि मग, फार दिवसांनी, तोंडाकडे.

अकराला दहा कमी असताना टेबलावरचा फोन वाजला.

“मॅडम, तुम्ही सांगितलं होतं ना,” खिडकीतला नवा माणूस म्हणाला. “एक बाई आल्यात. शून्य.”

ती उठली.

“कुठे निघालीस?” नेटवर्कवाला ओरडला. “अकराला बंद करायचंय! सगळे वाट बघतायत. अपवाद नाही कोणी लिहिलं होतं?”

“पाच मिनिटं थांबव.”

“आणि वरून फोन आला तर काय सांगू?”

“सांग, साक्षीदाराची सही करायला गेलीय.”

हॉलमध्ये पन्नाशीची एक बाई दांड्या धरून उभी होती. बोटांची पेरं पांढरी पडलेली. खुर्चीवर तिची पिशवी, तिच्यात बसचं तिकीट खोचलेलं. फिटर गुडघ्यांवर बसून नव्या पावलाकडे बघत होता; बाईसुद्धा आरशातून तिकडेच बघत होती.

डेटाबाई भिंतीच्या कडेकडेने पलीकडे गेली आणि आरशासमोर उभी राहिली. आरसा तिच्या पाठीमागे गेला. वर भिंतीवर घड्याळाची टिकटिक चालू होती. तिने हात पाठीमागे नेला आणि मनगटावरच्या घड्याळाची चावी नखाने बाहेर ओढली.

“अहो,” ती म्हणाली. “माझं घड्याळ बंद पडलंय. किती वाजले, सांगता का जरा?”

बाईने मान वर केली. तिची नजर आधी समोरच्या तोंडावर आली, मग वर घड्याळापाशी गेली, मग परत तोंडावर.

“अकरा,” ती म्हणाली, आणि एक पाऊल पुढे आली. “म्हणजे, अकराला पाच कमी.” दुसरं पाऊल. “चार असतील.”

“नीट बघून सांगा,” डेटाबाई म्हणाली. “मला इथून दिसत नाही.”